डब्यावर नारळ, डब्यात वाटाणा



आजची नोंद बागेतली नाही, स्वयंपाकघरातली आहे. पण विषय माडाचाच आहे. येत्या रविवारी आपल्या उत्पादक कंपनीच्या सभेत ज्यांना हात वर करायचा आहे त्यांनी आधी हे वाचावं, म्हणून घाईने लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या सभेला जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरून एक सल्लागार आले होते. प्रोजेक्टर लावला, पडद्यावर हिरवेगार माड, त्याखाली मोठ्या अक्षरात 'हाय-प्रोटीन डेअरी-फ्री कोकोनट योगर्ट'. सांगणं असं की शहरातला माणूस आता दूध सोडतोय आणि प्रोटीन शोधतोय, आपल्याकडे नारळ आहे, मग संधी आपलीच. प्रत्येक सभासदाने १० हजार घालायचे, १४० सभासदांचे १४ लाख, वर कर्ज, आणि प्रक्रिया उद्योगाच्या योजनेतून ३५ टक्के अनुदान. शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेक नमुन्याचा डबा आला. थंडगार, गोडसर, चमचा उभा राहील असा घट्ट. सगळ्यांनी खाल्लं, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू?

पण दोन डबे मी टॉवेलात गुंडाळून घरी आणले. हा नमुना आपण काढणार त्या मालाचा म्हणून दिला होता, दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा होता. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण भांडण तिच्याशी नाही. भांडण आपल्याशी आहे. आपण डबा समोरून बघितला, मागून कोणी बघितला नाही.

मागची बाजू

घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. जे जास्त ते आधी. डब्यावर क्रम असा होता: पाणी, नारळाचं दूध (२२ टक्के), वाटाण्याचं प्रथिन, टॅपिओका स्टार्च, साखर, पेक्टिन, विरजणाचे जिवाणू. १०० ग्रॅममध्ये प्रथिन ८ ग्रॅम, स्निग्धांश साधारण सव्वापाच ग्रॅम, ऊर्जा १०८ किलोकॅलरी.

आता हिशोब करू. आपल्या नारळाच्या घट्ट रसात १०० ग्रॅमला प्रथिन असतं सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, आणि तेल २० ग्रॅमच्या वर. नारळ हे तेलाचं फळ आहे, डाळीचं नाही. डब्यात रस २२ ग्रॅम, म्हणजे नारळातून आलेलं प्रथिन झालं अर्धा ग्रॅम. छापलेलं आहे ८ ग्रॅम. उरलेलं साडेसात ग्रॅम वाटाण्याचं.

सोळा भागांतला एक भाग नारळाचा, पंधरा भाग वाटाण्याचे. आणि झाकणावर चित्र कशाचं? फोडलेल्या नारळाचं. वाटाण्याची शेंग सोडा, दाणासुद्धा नाही.

कोणी म्हणेल, ही फसवणूक आहे. कायद्याने नाही. मोठं माणूस ६५ किलोचं धरलं तर रोजची प्रथिनाची गरज ५४ ग्रॅम धरतात. 'हाय प्रोटीन' लिहायचं तर घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये त्याच्या २० टक्के, म्हणजे १०.८ ग्रॅम प्रथिन लागतं. हा डबा तिथे नापास. पण दुसरा रस्ता आहे. दर १०० किलोकॅलरीमागे १० टक्के, म्हणजे ५.४ ग्रॅम असलं तरी चालतं. त्या मोजमापात डबा ७.४ ने पास. शब्द कायदेशीर आहे. फक्त तो शब्द वाटाण्याने कमावलाय आणि तो नारळाच्या चित्राखाली छापलाय.

घरी केलेली तपासणी

प्रयोगशाळा माझ्याकडे नाही, पण आई आहे. तिने एक चमचा तोंडात घोळवला आणि म्हणाली, "ह्या दही नाय रे झिला, ही खळ आसा." म्हटलं, बघूया. दुधातली पिठाची भेसळ ओळखायला जे टिंक्चर आयोडीन वापरतात त्याचे दोन थेंब टाकले. निळं-जांभळं झालं. ही भेसळ नव्हे, मागे स्टार्च छापलेलाच आहे. पण आईच्या जिभेला ते न वाचता कळलं.

मग मी उलटा प्रयोग केला. आपल्या बाणवली माडाचा एक नारळ फोडला, खवला, पिळला, कोमट करून त्याला घरचं विरजण लावलं. (म्हणजे माझं काही डेअरी-फ्री नव्हतं, फक्त लागतं का ते बघायचं होतं.) दहा तासांनी वास आंबूस आला, पण दही लागलं नाही. वर तेलाचा थर, खाली पाणी. फ्रीजमध्ये ठेवलं तर वरचा थर मेणबत्तीसारखा कडक.

कारण साधं आहे. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. आंबटपणा वाढला की त्याचं जाळं होतं आणि त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकतो. त्याला आपण दही लागलं म्हणतो. नारळाच्या रसात केसीन नाही, म्हणून जाळं नाही. आणि खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं हे थंडीत डोक्याला तेल लावणाऱ्याला सांगायला नको. म्हणून कारखान्यात स्टार्च आणि पेक्टिन घालून घट्टपणा आणतात. त्यात वाईट काही नाही. पण 'नारळाचं दही' म्हणजे आपल्या नारळाला विरजण लावलं की झालं, असं जे सभेत आपल्या डोक्यात बसलं ते चुकीचं आहे.

पोषणाचं म्हणाल तर दह्यात १०० ग्रॅमला कॅल्शियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. नारळात नावाला. बी-१२ वनस्पतीत नसतंच. वरून घातलं तर आलं, नाहीतर नाही. या डब्यात दोन्ही घातलेले नव्हते. स्निग्धांश जो आहे तो बहुतेक सगळा संपृक्त, कारण खोबरेलच तसं आहे. वाटाण्याचं प्रथिन चांगलं आहे, पण कुठल्याही कडधान्यासारखं त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी. सोबत भाकरी-भात असला की ती उणीव भरते.

डबा १०० ग्रॅमचा, किंमत ९५ रुपये. प्रथिनाचा एक ग्रॅम पडला १२ रुपयांना. माझ्या घरचं म्हशीचं दही मी ८० रुपये किलोने देतो, त्यात १०० ग्रॅमला प्रथिन ४ ग्रॅम धरा, एक ग्रॅम पडतो २ रुपयांना. कुळीथ १२० रुपये किलो धरला तर त्याचा ग्रॅम पडतो ५५ पैशांना. ज्याला प्रथिनच हवंय त्याने पिठी खावी आणि गप बसावं.

मग हा डबा कोणासाठी?

इथे मी दूधवाल्या मित्रांशीही भांडणार आहे. सभेनंतर दोघा-तिघांनी चावडीवर सुरू केलं की हे सगळं दुधाच्या मुळावर उठलंय, बंदच करायला हवं. अरे, कशाला? ज्या पोराला दुधाची ॲलर्जी आहे त्याने काय खायचं? दूध प्यायलं की ज्यांचं पोट फुगतं अशी मोठी माणसं आपल्या घराघरात आहेत. कोणी आपल्या विचाराने प्राण्यांचं काही खात नाही. त्या सगळ्यांना थंड, आंबट, चमच्याने खायचं काहीतरी हवंसं वाटलं तर त्यात दुधाचा अपमान कसला? आपण पिढ्यान् पिढ्या सोलकढी पितोय. नारळाच्या रसाला दूध म्हटलं म्हणून कुठल्या म्हशीने पान्हा चोरला नाही.

नियमही हेच मानतो. दूध, दही, चीज, योगर्ट हे शब्द दुधाशिवायच्या पदार्थाला लावता येत नाहीत. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतून असे पदार्थ काढायला सांगितलं होतं, वाद पुढे कोर्टातही गेला. पण 'नारळाचं दूध' हा शब्द परंपरेने चालत आलेला म्हणून त्याला सूट आहे. युरोपच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये असाच निकाल दिला आणि तिथेही नारळाच्या दुधाला सूट आहे. म्हणजे 'दूध' म्हणा, पण 'योगर्ट' म्हणता येणार नाही. नमुन्याच्या डब्यावरही बारीक अक्षरात 'वनस्पतीजन्य आंबवलेला पदार्थ' असंच छापलंय. 'योगर्ट' हा शब्द फक्त सल्लागारांच्या पडद्यावर होता. ज्या नावावर आपण टाळ्या वाजवल्या ते नाव आपल्याला छापताच येणार नाही, हे सभेत कोणी सांगितलं का?

तेव्हा दूधवाल्यांनो, डब्यावर बंदी मागू नका. डब्यावर नारळ किती आणि वाटाणा किती ते समोरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात मागा. त्यात तुमचंही भलं आहे आणि आमचंही.

नारळवाल्याच्या वाट्याला काय?

आता मुद्द्याचं. माझ्या त्या एका नारळाचा खव भरला ३१० ग्रॅम. आधी कोरडा आणि मग एक वाटी कोमट पाण्याने पिळून घट्ट रस निघाला १७५ ग्रॅम. एका डब्याला २२ ग्रॅम लागतो, म्हणजे एका नारळात आठ डबे. आठ डब्यांची दुकानातली किंमत ७६० रुपये. तो नारळ मी बागेत २८ रुपयांना देतो. शंभरातले पावणेचार रुपये नारळाचे.

बाकीचे सगळे नफ्याचे असं मी म्हणत नाही. डबा, झाकण, शीतगृह, गाडी, दुकानदार, कर, खराब होऊन परत आलेला माल, सगळं त्यातच. पण हेच तर सांगतोय. या धंद्यात नारळ ही सगळ्यात छोटी गोष्ट आहे. नारळाचा भाव दुप्पट झाला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही, आणि निम्मा झाला तर आपल्याला कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, पण कंपनी आपलीच असणार, नफाही आपलाच. बरं, तोही हिशोब घ्या. सल्लागार म्हणाले रोज ५०० डबे. ५०० डब्यांना नारळ लागले ६२. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेअठरा हजारांच्या आसपास. माडाला वर्षाला ७५ नारळ धरा, म्हणजे अडीचशे माडांचा माल. आपल्या १४० सभासदांचे माड सहा हजारांच्या घरात आहेत. म्हणजे कारखाना पूर्ण जोरात चालला तरी शंभरातल्या चार माडांचा नारळ उचलला जाईल. बाकी ९६ माडांचं काय? ते जसे आज व्यापाऱ्याच्या टेम्पोची वाट बघतायत तसेच बघत राहतील.

आणि रोज ५०० डबे म्हणजे दुकानातल्या किमतीने रोज साडेसत्तेचाळीस हजारांचा माल. तो इथे बाजारात विकला जाणार नाही, मुंबई-पुण्याला जाणार. थंडच ठेवावा लागणार. आपल्याकडे पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की दोन दिवस अंधार. जनरेटरचं डिझेल पडद्यावर होतं का? मला तरी दिसलं नाही.

वाटाण्याचं प्रथिन रोजचं लागेल पावणेपाच किलो. ते आपल्याकडे होत नाही, विकत आणावं लागेल. ज्या गोष्टीवर 'हाय प्रोटीन' हा शब्द उभा आहे तीच आपल्या हातात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली तेव्हा तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्यांनी काय ओरड केली ते आठवतं ना? आपल्या भावांचा भाव ज्या दाण्याने पाडला तोच दाणा उद्या आपल्या नारळाच्या चित्रामागे बसलेला असू शकतो. डब्यावर वाटाणा कुठला ते लिहिलेलं नाही.

नारळाचं प्रथिन गेलं कुठे?

नारळात प्रथिन नाही असं नाही. पण तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं. खोबऱ्याच्या पेंडीत २० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. ती पेंड मी माझ्या दोन म्हशींना घालतो. त्या तिचं दूध करतात, दुधाचं दही लागतं, त्यात केसीन, कॅल्शियम, बी-१२, सगळं. नारळाचं प्रथिन दह्यात आणणारा कारखाना माझ्या गोठ्यात बांधलेला आहे आणि त्याला प्रोजेक्टर लागत नाही. हे डेअरी-फ्री नाही, मान्य. पण 'नारळातून प्रोटीन' असं कोणी पडद्यावर दाखवलं तर ही गोष्ट आठवा.

रविवारी काय विचारायचं

मी प्रक्रिया उद्योगाच्या विरोधात नाही. अख्खा नारळ टेम्पोत टाकून आपण गरीबच राहणार हे मलाही कळतं. पण 'मूल्यवर्धन' हा शब्द उच्चारला की आपण प्रश्न विचारायचे बंद होतो, हा रोग आहे. कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनाही हात जोडून सांगतो, मूल्य कोणाचं वाढलं ते विचारल्याशिवाय हा शब्द भाषणात वापरू नका. आणि ३५ टक्के अनुदान आहे म्हणून उडी मारणाऱ्यांना एवढंच, की ६५ टक्के आपले आहेत. कारखाना बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही.

माझे प्रश्न असे:

१. नारळ किती टक्के आणि वाटाणा किती टक्के, हे डब्याच्या समोरच्या बाजूला छापणार का? हो की नाही?

२. वाटाण्याचं प्रथिन कोणाकडून, किलोला काय दराने? दर वाढला तर तोटा कोणाचा?

३. रोजचे ५०० डबे घेणाऱ्याची लेखी मागणी हातात आहे का? परत आलेला माल कोणाच्या डोक्यावर?

४. सभासदाच्या नारळाला बाजारभावाच्या वर किती देणार? आकडा ठरावात लिहा. तोंडी नको.

५. 'योगर्ट' लिहिता येत नसेल तर विकणार कुठल्या नावाने?

या पाचांची उत्तरं लेखी मिळाली तर माझे १० हजार पहिले घ्या. नाही मिळाली तर माझा हात खाली राहील.

आणि नुसतं नाही म्हणून थांबत नाही. दोन गोष्टी सुचवतो. एक, कारखान्याआधी चाचणी. ज्यांच्याकडे यंत्रं आहेत अशांकडून तीन महिने रोजचे ५० डबे करून घ्या आणि विकून दाखवा. नुकसान झालंच तर प्रत्येकी काही शेकड्यांत भागेल. दुसरं, प्रथिन घालायचंच असेल तर ते आपलं का नको? भात कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर आपण कुळीथ, चवळी, वाल घेतोच. कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिन आहे. त्याचा उग्र वास काढून ते नारळाच्या रसात बसतं का, घट्टपणा येतो का, किती दिवस टिकतं, हे दापोलीच्या विद्यापीठाने आणि भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने करून बघावं. बसलं नाही तर नाही म्हणून सांगावं, तेही उत्तरच आहे. नमुन्याला लागतील तेवढे नारळ आणि कुळीथ मी माझ्या खर्चाने पोचवतो. जो कोणी मित्र तिथे आहे त्याने फक्त कुठल्या टेबलावर ठेवायचे ते सांगावं.

दुसरा डबा अजून फ्रीजमध्ये आहे, उघडलेला नाही. रविवारी तो, आयोडीनची बाटली आणि एक सोललेला नारळ घेऊन सभेला येतोय. माझ्या आकड्यांत चूक असेल तर तिथेच सगळ्यांसमोर दाखवा, मान्य करीन. पण येताना प्रत्येकाने आपला डबा मागून वाचून या.